अर्थिंग

सोहारला उतरले तेव्हा बॅटरी एकोणचाळीस टक्के,
खोलीत पोचेपर्यंत सव्वीस.
भिंतीतलं सॉकेट माझ्याकडं बघत होतं
तीन चौकोनी भोकांनी,
आणि माझ्या हातात इस्लामपूरहून आणलेली वायर,
तीन गोल पायांची, जाडजूड,
परक्या दारात चपला कुठं काढाव्यात
हे न कळलेल्या पाहुण्यासारखी.

काम म्हणाल तर एवढंच :
मासळीच्या कारखान्यातले अकरा वजनकाटे तपासायचे,
रात्री बाराच्या आत अहवाल पाठवायचा.
कुठला काटा किती ग्रॅम खोटं बोलतो
ते सगळं या डब्यात,
आणि डबा मिटत चाललेला.

रिसेप्शनवरच्या मुलानं ड्रॉवरमधून
एक पिवळट अडॅप्टर काढून दिलं.
लागलं. ठिपका पेटला.
मनगट पत्र्यावर टेकलं
तर मुंग्या.
बारीक, सतत,
कुणी आतून नखानं खरवडावं तशा.
चप्पल घालून बसले. पाय खुर्चीवर घेतले.
टॉवेल घातला मनगटाखाली.
सातव्या काट्याचे आकडे दोनदा चुकले.

मगरिबनंतर समोरचं दुकान उघडलं :
कूलरचे पंप, नळाच्या तोट्या,
छतापासून लोंबणाऱ्या वायरींची वेटोळी.
दुकानदारानं मला पाहिलंच नाही,
माझ्या हातातला प्लग पाहिला
आणि म्हणाला, "आपल्याकडची काय?"

मुबारक हुर्झुक. बाणकोटचा.
एकतीस वर्षं इथं,
आवाजात खाडीचं पाणी अजून.
अडॅप्टर उलटंपालटं करून म्हणाला,
"मुंग्या येतात ना? हिला अर्थ नाय."
मला हसू आलं. त्याला नाही.
त्याच्या धंद्यातला तो रोजचा शब्द.

"हा वरचा पाय बघा. प्लास्टिकचा. नुसता दाखवायचा.
हा आत गेला की खालची दोन दारं उघडतात,
लाईट सुरू. पण ह्याच्यातनं काय जात नाय, येत नाय."
स्क्रू-ड्रायव्हर शोधता शोधता, खाली मान घालून :
"आमचा पयला कफील असाच होता."

मग माझी वायर कापली त्यानं, विचारून, पण लगेच.
तांबडी, काळी, हिरवी दातांनी सोलली,
चौकोनी पायांचा प्लग बसवला, तीनचा फ्यूज घातला.
मी म्हटलं, परत गेल्यावर काय करू?
"परत गेल्यावर परत कापा."

दीड रियाल. घेतले त्यानं.
गाववाली म्हणून सोडले नाहीत
याचं मला बरं वाटलं.

निघताना म्हणाला, काटे तपासता ना,
आमचा बघता काय?
खिळे तोलायचा काटा, काच तडकलेली.
पर्समधल्या डबीतून पाचशेचं वजन काढलं, ठेवलं.
चारशे शहाण्णव.
"चार ग्रॅम तुमच्याच अंगावर," मी म्हटलं,
"गिऱ्हाईक जास्त घेऊन जातं."
तो बघत राहिला आकड्याकडं.
"कधीपासून?"
ते काट्याला सांगता येत नाही.
त्यानं बोटं मोडली, पुटपुटत काही मोजलं,
मग एका पोराला खिळे हवे होते
ते त्याच काट्यावर तोलून दिले.

अकरा चाळीसला अहवाल गेला.
अकरा काटे. बारावा लिहिला नाही.

फरशी गार होती.
अनवाणी पाय खाली सोडून
मनगट टेकवलं पत्र्यावर :
काही नाही.
थोडं थांबून
पुन्हा टेकवून पाहिलं.