चढ

हमूद म्हणाला, सपाटीला पळते,
जबलचा चढ लागला की म्हातारी होते.
मागे चारा, चार बकऱ्या, बहिणीचा जुना फ्रीज.

डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टर झटकला,
पावशेर वाळू निघाली.
तरी तेच.

मग त्याच्या शेजारी बसलो, काच खाली.
पोलीस चौकीच्या वर, दुसऱ्या गियरला
ऐकू आलं: फुस्स,
कुकरची रिंग सैल झाल्यासारखं.

टर्बोचा पाइप. खालच्या अंगाला चीर, नखाएवढी.
गाडी उभी असली की मिटलेली,
जोर आला की तोंड उघडणारी.

पाइप मस्कतहून यायचा, परवा.
तोवर सायकलची ट्यूब गुंडाळून दोन क्लिपा.
बकऱ्या वर पोचल्या म्हणे.

रात्री चिपळूणहून फोन.
"बरा आहेस ना रे?"

खाटेवर आडवा होतो, सपाटीला.
"एकदम," म्हटलं.