बाकी

सोहार बंदर, रात्रपाळी.
शेवटच्या रांगेत एक बेवारस कंटेनर,
पत्र्यावर वीस लाख एकवीस हजार सत्तावीस.

दोनापासून सुरुवात केली.
रात्रीला एकच मूळसंख्या, असा नेम.
चलनाच्या पाठीवर भागाकार,
बाकी उरली की खोडायचं, चहा.

एकशे अडुसष्ट रात्री.
परकार म्हणाला, सोड रे,
हा तुझ्यासारखाच, कुणाच्या पाढ्यात न बसणारा.
मलाही ते बरं वाटू लागलेलं.

काल एक हजार नऊ.
खाली शून्य.
वर दोन हजार तीन, तीही मूळच.
म्हणजे इतके दिवस दोघं होते तिथं.

परकारला उठवलं नाही.
घरी फोन लावला, तिकडे दीड तास आधीच उजाडलेलं.
काय झालं, तिनं घाबरून विचारलं.
काही नाही, म्हटलं,
भाग गेला.