एकाने कमी

पाजपंढरीच्या शाळेत पाढे म्हणताना
हात बाकाखाली सरकला की कुलाबकर बाई ओरडायच्या,
"बोटं वर! बाजारात बसलीयेस का?"
बाजारातलीच होते मी, बाई.
संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर
बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात जायच्या,
टोपल्या यायच्या, लिलावाचा कालवा उठायचा
आणि एका बाजूला आई मांदेलीचे वाटे लावायची,
नऊ रुपये वाटा.
दहा म्हटलं की माणूस पुढे जातं,
आठ म्हटलं की आपण मागे.

सात वाट्यांचे किती, ते गिऱ्हाइकाआधी
तिच्या तोंडावर. पाढा एकही येत नव्हता तिला.
मला म्हणाली, पंजे पालथे टाक,
डावीकडून सातवं बोट मोड.
मोडल्याच्या अलीकडे किती?
सहा.
पलीकडे?
तीन.
"झालं तर. त्रेसष्ट."
माझ्या बोटांना खवले चिकटलेले,
तिच्या बोटांना तर कायमचेच.

पुढच्या हंगामात विंचच्या दोरात
बाबांच्या उजव्या हाताची करंगळी गेली.
होडी सुटली.
मग बर्फाच्या कारखान्यात खिडकीपाशी बसायचे,
फोडलेल्या बर्फाची पाटी, तीही नऊ रुपयेच.
मोठ्या होड्यांच्या अख्ख्या लाद्या शेठ स्वतः मोजायचा,
बायकांच्या पाट्या बाबांकडे.
आईने त्यांनाही तीच युक्ती दिली,
कुणीच नीट विचार केला नाही.

आठवड्याने शेठ वही घेऊन घरी आला.
रोज तूट. आज एकतीस रुपये, काल सव्वीस.
चोरी म्हणाला नाही, पण पाणीही प्यायला नाही.
मी वही उघडली.
एकतीस रुपयांची तूट, खाली एकतीस बायका.
काल सव्वीस, सव्वीसच.
"बाबा, सात पाट्या. मोडा."
त्यांनी सातवं मोडलं. अलीकडे सहा,
पलीकडे दोन.
"बासष्ट," ते म्हणाले, अगदी खात्रीने.

शेठ हसला, वही बगलेत मारून गेला.
बाबा हसले नाहीत.
मी म्हटलं, करंगळी पण धरायची, आहे असं समजून.
"नाय ते कसं मोजू गो?"
आई चुलीपाशी होती, वळलीसुद्धा नाही.
"गजाननभावजींचा वाटा अजून काढतात ना होडीवर?
तीन वर्षं झाली माणूस परत आला नाय.
दर खेपेला त्याच्या घरी टोपली जाते.
तशी मोजा."

बाबा बराच वेळ हाताकडे बघत बसले.
दुसऱ्या दिवसापासून हिशेब बरोबर.
फक्त शेवटचा आकडा म्हणायच्या आधी
अर्धा श्वास थांबायचे,
बर्फवाल्या बायकांना वाटायचं, दमा आहे.

आता मी सोसायटीच्या डिझेल काउंटरवर असते,
कॅल्क्युलेटर आहे, दर पैशांत आहे,
बोटांनी होणारं काही उरलं नाही.
तरी नवाचं काही आलं
की चपलेत अंगठा हलतोच.

परवा जेवायला घरी गेले तर
बाबा बाजेवर झोपलेले, पंजे पालथे, पसरलेले,
नऊ बोटं आणि शेवटी ती मोकळी जागा.
तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं:
दहावं बोट मोडलं की अलीकडे नऊ,
पलीकडे काही नाही.
नऊ दाहे नव्वद.
हे एकच उत्तर त्यांच्या हाताने कधी चुकवलं नव्हतं,
काही न मोडता,
झोपेतसुद्धा.

सांगायला उठवणार होते.
मग म्हटलं राहू दे,
पंखा एकाने वाढवला
आणि बांगड्याचं सार गरम करायला आत गेले.