अजून एक

ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेला, आमच्या फाटकाशी
पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी नळ्यांची नागमोडी गल्ली आहे.
ती मी वेल्ड केली, मी, ओस्मार बेंतानकूर,
वयाच्या एकतिसाव्या वर्षी.
आधी डावीकडे वळायचं, मग उजवीकडे.
वळताना तोंड आपोआप होतं
गाडी येते त्या बाजूला.
एवढीच काय ती त्यातली अक्कल.

लोक शिव्या घालतात. घालू देत.
पिशवी अडकते, सायकल उभी धरावी लागते,
आणि रात्रीतून कुणीतरी एखादी नळी कापून नेतं,
सरळ जाता यावं म्हणून.
सकाळी मी मशीन घेऊन येतो, पुन्हा जोडतो.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.
रेल्वेने सांगितलेलं नाही.

तेल्मा लेदेस्माचा मुलगा थांबला होता.
थांबलाच होता.
गाडी गेली, शेवटचा डबा गेला,
घंटा वाजतच राहिली
आणि त्याला वाटलं असेल, बिघडलीय,
ती नेहमीच बिघडते.
त्या दिवशी एक नळी नव्हती.
रविवार होता. मी म्हटलं होतं, उद्या बघू.

आता ती तिथेच बसते, टोपलीवर फडकं टाकून
चीजचे गरम चिपा विकते.
माझ्याकडून पैसे घेते.
मोजून घेते.
गाडी गेल्यावर कुणी लगेच पाऊल उचललं
की मान वर न करता म्हणते,
"अजून एक आहे."

बहुतेक वेळा नसते.
माणसं थबकतात, तिच्याकडे बघतात,
मग डावीकडे.
मग उजवीकडे.