चौथं गुऱ्हाळ राहिलं

आधी बेत नाशिकचा होता.
द्राक्षांचे मळे, उंच पेले,
आधी वास, मग घोट,
आणि नको वाटला तर थुंकायला वेगळं भांडं.
रेहानाच्या जावेनं सगळं रंगवून सांगितलेलं.
पतसंस्थेतल्या आम्ही चौघी,
डब्याच्या झाकणावर खडूनं हिशेब मांडला:
गाडी, मुक्काम, तिकीट, घरी सांगायची थाप.
थापेपाशी गाडी अडली.
पद्मजा म्हणाली, मी तर घेतच नाही,
एवढ्या लांब काय नुसतं थुंकायला येऊ?
हसून हसून आमटी सांडली
आणि बेत जागच्या जागी फिरला.
चाखायचंच आहे ना?
मग गुऱ्हाळं चाखू की.

जानेवारी, रविवार, सकाळी सात.
शिवाजी पुलावरून पंचगंगा दिसेना,
धुक्यातून नुसतं धुणं आपटल्याचं ऐकू येत होतं.
शैलानं वही आणलेली, रकाने आखून:
रंग, वास, कण, घशातला शेवट.
माझ्याकडे जीभ धुवायचं खातं:
चिरमुरे, ठेचा, पाण्याच्या पाच बाटल्या.

वडणग्यात रस. थंडगार, दातात कळ गेली.
रेहानानं पेला गोल फिरवला, डोळे मिटले,
आणि जावेच्याच आवाजात म्हणाली,
"मागं कुठंतरी... ओलं गोणपाट."
चरकावरचं पोरगं म्हणालं,
"मावशी, गोणपाटावरच उभ्या हायसा."
तरी सात गुण दिले. पोराला दहा.

निगव्याच्या वळणावर काकवी.
चमचा उचलला तशी तार निघाली,
तुटेना, लांबतच गेली, वाऱ्यानं वाकली
आणि वहीवर उतरली.
'वास' आणि 'कण' एकमेकांना जे चिकटले
ते कायमचे.

कुशिऱ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलेलं.
चुलवाणात चिपाडं भडभडत होती,
काहिलीवर मळी फेसाळत वर येत होती,
आणि कडेला कल्लाप्पा गुळव्या,
भुवया करपलेल्या, डोक्याला टॉवेल.
आम्ही विचारलं, तुम्हाला कुठला गूळ आवडतो?
म्हणाला, "नऊ वर्सं जिभेला लावला न्हाई.
साखर हाय मला."
जन्म गुळात गेला, आजार साखरेचा.
ते सांगतानाही त्याचं लक्ष बुडबुड्यांवर.
चाटूवरचा पाक गार पाण्यात सोडला,
बोटांनी गोळी वळली,
पत्र्यावर मारली. टण्.
"उतरवा!"

मग प्रत्येकीला चिपाडावर गरम गूळ,
वर मूठभर शेंगदाणे.
मत द्यायला चौघी एकदम तोंड उघडणार,
तर जीभ पोळलेली,
शब्दच फुटेना,
डोळ्यांत पाणी, नाकात धूर.
कल्लाप्पा काहिलीकडे पाठ करून
आमच्या तोंडांकडे बघत राहिला,
एकेकीच्या, सावकाश,
पहिल्यांदाच काहील सोडून दुसरीकडे बघितलं असेल त्यानं.
"कडंला जरा जास्त शिजलाय, न्हाई?"
आम्ही माना हलवल्या.
"वाटलंच," म्हणाला,
आणि पुढच्या आदणाकडे वळला.

चौथं गुऱ्हाळ केर्लीजवळचं.
वाटेत उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडलेली,
पुढं-मागं गाड्याच गाड्या.
बांधावर बसून उरलेला ठेचा संपवला,
चिरमुऱ्यांत कालवून, काही न बोलता.
तिखटानं जीभ शुद्धीवर आली तेव्हा
कळलं, घशाच्या तळाशी अजून तो गूळ होता,
किंचित करपलेला.
शैलानं वही उघडायला बघितली, पानं सुटेनात.
पद्मजा म्हणाली, असू दे,
गुण कल्लाप्पानं दिलेत.
कुणाला दिले ते तिनं सांगितलं नाही.

सोमवारी काउंटरवर
तिच्या हातातल्या नोटा
एकीला एक चिकटत होत्या.
रांगेतला माणूस कुरकुरला.
तिनं बोट तोंडाशी नेलं, नोट मोजायला,
आणि तिथंच थांबली थोडा वेळ.