पाला

मोरारचा रोपवाला म्हणाला होता,
"बाईसाहेब, आज पाला पडेगा."
माहेर माझं साताऱ्याचं.
वाटलं, पानं गळणार. गळू देत,
केरसुणी आहे.

सकाळी लष्करातल्या गच्चीवर
टोमॅटोची रोपं उकडल्यासारखी, काळी.
मेथी तेवढी ताठ.

तेव्हापासून पौषात
दिवेलागणीला कुंड्यांना पाणी,
वर यांची जुनी रग.
रग आखूड. एखादी फांदी
अंथरुणाबाहेर पाय काढतेच,
आणि तेवढीच जळते.

यंदा सून विचारत होती,
आई, पाला म्हणजे नक्की कोणता?
मटार सोलता सोलता म्हटलं,
इथे दोन्ही.
एक पडतो, दुसरा करपतो.
वैशाखात ये,
दोन्ही नसतात.
नुसत्या कुंड्या,
आणि त्यांना हात लावशील तर चटका.