शेऱ्याचा रकाना

दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी
मी राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत उतरते
आणि काहीही विकत न घेता भाव विचारते.
दस्तगीर मणेर लांबूनच ओळखतो.
"आल्या बघा भाववाल्या मॅडम,"
गिऱ्हाइकाला सांगतो, "ह्या लिवून नेत्यात, मग महागाई वाढती."
मी हसण्यावारी नेते. टॅब उघडते.

तेच दुकान, तोच माल, तेवढंच माप,
असा नियम आहे.
वांग्याला तो कळतो. चपलेलाही कळतो:
मागच्या वेळी कापशी होती, तर कुरुंदवाडी चालणार नाही.
पण दिवसाला दीड जीबी, हिची जात कशावरून ओळखू?
"गेल्या महिन्यात दोनशे नव्व्याण्णव,
आताबी दोनशे नव्व्याण्णव.
लिवा की, बदल न्हाई."

फक्त अठ्ठावीस दिवसांचे चोवीस झालेत.
चार दिवस कुणी उचलून नेले,
देवळाच्या दारातनं चप्पल जावी तसे,
आणि आपण अनवाणी उभे, पावती हातात.
मी भागाकार करते.
दहा अडुसष्टचे बारा सेहेचाळीस.
चोरी नेहमी दशांशचिन्हाच्या उजवीकडे लपते.

उचगावची एक बाई बटणांचा फोन पुढं करते.
"मला न्हाई कुणाला बोलायचं.
पोरीचा येतो, तेवढा येऊ दे."
"येण्याचंबी पैसं पडत्यात आता, मावशी."
ती थोडा वेळ फोनकडंच बघते,
मग पिशवीतली पिशवी, पिशवीतली पुरचुंडी.
वाट बघणे: हिला यादीत सांकेतांक नाही.
मी शोधला.

रमणमळ्याच्या पोस्टात चौगुले बाई
मला बघून न विचारताच सांगतात,
कार्ड पन्नास पैसे.
वरच्या कचेरीनं एकदा लिहिलं होतं,
"किंमत सलग स्थिर. खातरजमा करावी."
खातरजमा म्हणजे विकत घेणे.
आठ आण्याचं नाणं दोघींकडं नाही,
म्हणून मी दोन घेते, रुपया पुरा.
माझ्या टेबलाच्या खणात आता कोरी कार्डं एवढी
की खण सरकवताना वरचं एक वाकतं.

आणि परीख पुलाजवळचा जिनगोंडा मगदूम.
पोलिओचा पाय, त्यावर मिळालेला बूथ,
काचेचं दार, आत लाल आकड्यांचं मीटर.
माझी पहिली नोंद त्याच्याकडची.
रात्री अकरानंतर पाव दर,
तेव्हा रांग पार पानपट्टीपर्यंत जायची,
आणि लोक बोलायचे कमी, मीटरकडं बघायचे जास्त.
पुढं नवी यादी आली. बूथ: वगळले.
एका शब्दात, पूर्णविरामासकट.

तरी मी जात राहिले. वाटेतच पडतो.
"काय भाव आज?" मी विचारायची.
"पल्सला सव्वा रुपया," तो गंभीरपणे सांगायचा,
"बदल नाही."
मीटर कधीचं बंद. तो बिस्किटं विकायचा, मोबाइलची कव्हरं.
मी वहीच्या समासात लिहायची, पेन्सिलीनं,
कारण समासाची तपासणी होत नाही.

मार्चमध्ये माझा गुडघा दुखावला, दोन महिने फिरती बंद.
खणातलं वाकलेलं कार्ड काढलं.
मगदूम, भाव कळवावा.
एवढंच. पुढं काय लिहितात ते आठवेना,
शेवटी सही केली आणि कार्यालयाचा शिक्का मारायला निघाले होते,
थांबले.

आज उत्तर आलं. निळ्या बॉलपेननं, ओळी चढत गेलेल्या:
"मॅडम, रस्ता रुंदीत बूथ गेला.
पत्रा किलोला बावीसनं दिला. काचेचं काय आलं न्हाई.
मीटर भंगारवाला फुकटबी घेईना, ते घरात ठेवलंय.
गुडघा शेका. भाव: बदल."

'नाही' लिहायचं राहिलं
की लिहायचंच नव्हतं, कळत नाही.
मी टॅब उघडते. पोस्टकार्ड, नग एक, पन्नास पैसे.
सेवेचा दर्जा: किती दिवसांत पोचले?
शिक्का अर्धाच उठलाय,
तारखेच्या जागी नुसती शाई.